सू लोकांच्या हिवाळी कथा



आजीने सांगितलेल्या गोष्टींतला एक लहानसा शब्द आपणा सर्वांच्या कानांत अजून घुमत असेल. "एक राजा होता म्हणे. त्याला दोन राण्या होत्या म्हणे." या 'म्हणे'चे काम मोठे विलक्षण आहे. त्या एका शब्दाने आजी कथेची जबाबदारी आपल्या अंगावरून झाडून टाकते, आणि त्याच वेळी कथेला आपल्या आजीचा व पणजीचा आधारही मिळवून देते. हे मी रचलेले नाही, हे असे चालत आलेले आहे, एवढा सारा आशय त्या दोन अक्षरांत सामावतो. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील अफाट गवताळ मैदानांत राहणाऱ्या सू लोकांच्या भाषेतही नेमका याच कामाचा एक शब्द आहे. तो शब्द 'केयापी'. अर्थ, 'असे म्हणतात'. त्यांच्या जुन्या कथांत वाक्यामागून वाक्य या शब्दापाशी येऊन विसावते. या कथा मुखातून कागदावर कशा आल्या, कोणी आणल्या, आणि आणताना त्यांचे काय झाले, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. 'सू' हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी त्यांना ठेवलेल्या नावाचे फ्रेंच व्यापाऱ्यांनी एक लांबलचक रूप केले. त्याचे उरलेले शेपूट म्हणजे हा शब्द. ते स्वतःला बोलीभेदाने डाकोटा अथवा लाकोटा म्हणवितात, आणि या शब्दाचा अर्थ मित्र, स्नेहाने बांधलेले, असा आहे. पूर्वेस मिनेसोटातील सरोवरांपासून पश्चिमेस मिसूरी नदीपलीकडील मैदानांपर्यंत त्यांच्या सात शाखा पसरल्या होत्या, व 'सात सभाग्नी' असे त्यांच्या संघाला नाव होते. पश्चिमेकडील शाखांचा सारा संसार घोडा, रानगवा आणि कातड्याचा तंबू यांवर चाले. लिपी त्यांना नव्हती. परंतु लिपी नाही तेथे स्मृतीला शिस्तही नाही, असा जो समज आपण शिकलेली माणसे सहज करून घेतो, तो येथे साफ खोटा ठरतो.

त्यांच्याकडे कथांचे वर्ग ठरलेले होते. 'ओहूंकाकां' हा त्यांतील थोर वर्ग. फार पुरातन काळच्या, जग अजून पक्के घडले नव्हते तेव्हाच्या, या कथा. त्या सांगावयाच्या हिवाळ्यात, आणि त्याही सूर्य मावळल्यानंतर. उन्हाळ्यात किंवा भर दिवसा त्या काढणे हे शिष्टसंमत नव्हते. दुसरा वर्ग घडलेल्या हकिगतींचा. कोणत्या टोळीवर कोणता प्रसंग गुदरला आणि कोण कसा वाचला, याचा. या हकिगती खऱ्या मानल्या जात. पहिल्या वर्गातील कथा खरी की खोटी, असा प्रश्न कोणी काढीत नसे. केयापी म्हटले की तो प्रश्न मिटला.

कथा मुलांच्या मनात कशी उतरवीत, याचे वर्णन डॉ. चार्ल्स ईस्टमन यांनी केले आहे. यांचे मूळचे नाव ओहियेसा. जन्म १८५८ साली मिनेसोटात. आजीने वाढविलेला हा मुलगा पुढे बोस्टन येथे वैद्यकी शिकला, व १९०२ साली त्याने आपल्या बालपणाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. ते सांगतात की, रात्री वडील मंडळी एखादी कथा किंवा पूर्वजांचा पराक्रम सांगत, आणि दुसऱ्या रात्री तीच कथा मुलाला सर्वांसमोर सांगावी लागे. चुकला की घरची माणसे दुरुस्त करीत. ज्यांच्या घरात संध्याकाळची परवचा झाली आहे, त्यांना या पद्धतीचे नवल वाटू नये. अशा रीतीने मुलाच्या तोंडून वळवून घेतलेली कथा दहा-वीस कानांसमोर तपासली जाई. आणि ही तपासणी छापखान्यातील मुद्रितशोधकाच्या तपासणीहून हलकी होती असे मला वाटत नाही.

शिवाय स्मृतीला आधार म्हणून चित्रेही होती. त्यांना 'वानियेतु वोवापी' म्हणत. आपण 'हिवाळ्यांची वही' म्हणू. वर्ष म्हणजे एका हिमपातापासून दुसऱ्या हिमपातापर्यंतचा काळ. वर्षातील एखादी घटना निवडून तिचे एक चित्र कातड्यावर काढावयाचे, आणि ती वही सांभाळणाऱ्या गृहस्थाने चित्रावरून त्या वर्षाची हकिगत सांगावयाची. 'लोन डॉग' नावाच्या गृहस्थाची वही प्रसिद्ध आहे. तिच्यात १८०० पासून १८७१ पर्यंतचे हिवाळे मध्यापासून बाहेर वळत जाणाऱ्या रांगेत मांडले आहेत. पहिले चित्र तीस काळ्या रेघांचे, म्हणजे त्या साली शत्रूंच्या हातून मारले गेलेले तीस लोक. त्यापुढचे अंगभर देवीचे फोड उठलेल्या माणसाचे. १८३३ सालच्या नोव्हेंबरात आकाशातून उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. निरनिराळ्या टोळ्यांच्या बहुतेक वह्यांत त्या हिवाळ्याला 'तारे पडले तो हिवाळा' असेच नाव आहे, आणि पुढे विद्वानांनी या वह्यांची कालगणना आपल्या सनांशी जुळविली ती मुख्यतः या एका चित्राच्या आधाराने. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, चित्र स्वतः काहीच बोलत नाही. वही सांभाळणारा मेला आणि त्याने कोणाला शिकविले नाही, तर मागे राहते ते केवळ रंगविलेले कातडे.

आता कागदाकडे वळू. या भाषेला रोमन अक्षरांचा पोशाख प्रथम नीट बेतून चढविला तो सॅम्युअल व गिडियन पाँड या दोघा भावांनी. ते १८३४ साली आजच्या मिनिआपोलिस शहराच्या जागी असलेल्या एका सरोवराकाठी येऊन राहिले. हेतू धर्मप्रसाराचा. त्यांच्या कामावर भर घालून स्टीफन रिग्ज या पाद्र्याने सिद्ध केलेले व्याकरण व कोश १८५२ साली प्रसिद्ध झाले, आणि १८७९ पर्यंत सबंध बायबल डाकोटा भाषेत उतरले. ज्या कथा रिग्जसाहेबांच्या मताने अज्ञानाच्या कथा होत्या, त्याही त्यांनी भाषेचे नमुने म्हणून टिपून ठेवल्या. पाद्र्यांनी लिपी आणली ती आपले पुस्तक त्या लोकांना वाचावयास लावण्यासाठी. त्या लोकांनी ती उचलली ती मात्र आपल्या गरजेने. १८६२ साली मिनेसोटात उपासमारीने गांजलेल्या डाकोटांचा उठाव झाला, तो मोडला गेला, व २६ डिसेंबर रोजी मँकेटो गावी अडतीस जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. उरलेले कैदी तुरुंगात लिहावयास शिकले. आपली बायकामुले कोठे आहेत, कोण जिवंत आहे, हे विचारणारी त्यांची डाकोटा भाषेतील पत्रे आजही जतन केलेली आहेत.

यानंतरची तीस वर्षे या लोकांच्या इतिहासातील सर्वांत काळी. रानगव्यांचे कळप संपले, जमिनी गेल्या, राखीव वसाहतींच्या सीमा आखल्या गेल्या. १८७९ साली पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलाला घरापासून, भाषेपासून आणि कथेपासून तोडले तरच तो 'सुधारेल', हे तिचे तत्त्व. १८८३ मध्ये त्यांच्या धार्मिक नृत्यांवर बंदी आली. १८९० च्या २९ डिसेंबरला वून्डेड नी या ओढ्याकाठी सैन्याने स्त्रिया-मुलांसह दोनशेहून अधिक लाकोटा माणसे मारली. त्या वेळी जखमींची शुश्रूषा करणारा वैद्य म्हणजे आपले मघाचे डॉ. ईस्टमनच.

या काळात एक विसंगती घडली, तिच्याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. १८८७ साली अमेरिकन सरकारच्या मूळ रहिवाशांच्या खात्याने हुकूम काढला की, वसाहतींवरील शाळांत त्यांच्या भाषांतून शिकविणे बंद करावे. त्याच साली, त्याच सरकारच्या मानववंशशास्त्रविषयक कार्यालयाने वॉशिंग्टन येथे जॉर्ज बुशॉटर नावाच्या एका लाकोटा तरुणाला पगारावर नेमले, कशासाठी, तर त्याने आपल्या भाषेत जे आठवेल ते लिहून द्यावे यासाठी. एका हाताने गळा आवळावयाचा आणि दुसऱ्या हाताने शेवटचे शब्द टिपून घ्यावयाचे, असा हा प्रकार. बुशॉटरने कथा, खेळ, चालीरीती, आठवणी यांविषयी २५८ लेख लिहिले. लाकोटा माणसाने लाकोटा भाषेत स्वतःच्या हाताने केलेला एवढा मोठा संग्रह त्यापूर्वी झालेला नव्हता. १८९२ साली हा तरुण क्षयाने वारला. त्याचे कागद कपाटात राहिले.

पुढे जी पुस्तके आली ती इंग्रजीत आली, आणि त्यांतील दोन स्त्रियांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिली झिटकाला-शा, म्हणजे 'तांबडा पक्षी'. शाळेतील नाव गर्ट्रूड सिमन्स. जन्म १८७६, यँक्टन वसाहतीत. आपल्या बालपणाविषयी तिने १९०० साली 'अटलांटिक मंथली' या मासिकात लेख लिहिले, ते आजही वाचताना मन हलते. संध्याकाळी आई तिला शेजारच्या वृद्धांना जेवावयास बोलावण्यास पाठवी. जेवणे झाली की गोष्टी सुरू होत, व ही मुलगी आईच्या मांडीवर डोके टेकून आकाशातील तारे पाहत ऐके. एका म्हाताऱ्या योद्ध्याच्या कपाळावर निळी चांदणी गोंदलेली होती. तिचा अर्थ तिने विचारला, तेव्हा ती गुपिते आहेत, एवढेच उत्तर मिळाले. आठव्या वर्षी लाल सफरचंदांच्या प्रलोभनाने ती पाद्र्यांच्या शाळेत गेली, आणि तेथे पहिल्याच दिवशी तिचे केस कापण्यात आले. तिच्या लोकांत केस कापणे हे सुतकाचे किंवा भ्याडपणाचे चिन्ह. पुढे तीच मुलगी कार्लाइलच्या शाळेत शिक्षिका झाली, त्या पद्धतीविरुद्ध तिने उघड लिहिले, आणि १९०१ साली 'ओल्ड इंडियन लेजन्ड्स' हे कथांचे पुस्तक बोस्टन येथे प्रसिद्ध केले. चित्रे काढणारी एंजल डी कोरा हीही मूळ रहिवाशांपैकीच.

या पुस्तकातील पहिली कथा इक्तोमीची. इक्तोमी म्हणजे कोळी. परंतु तो माणसासारखा हिंडतो, बोलतो, लबाड्या करतो, आणि बहुधा स्वतःच फसतो. एकदा तळ्याकाठी बदके नाचत असतात. इक्तोमी गवताचे एक भले मोठे गाठोडे पाठीवर टाकून त्यांच्या समोरून, त्यांच्याकडे लक्षच नसल्यासारखा, चालू लागतो. बदके विचारतात, "गाठोड्यात काय?" तो म्हणतो, "जुनी गाणी." मग बदकांचा आग्रह, त्याचे आढेवेढे, आणि शेवटी गवताच्या एका बुटक्या झोपडीत नाच ठरतो. अट एकच: डोळे मिटून नाचावयाचे; जो उघडील त्याचे डोळे कायमचे लाल होतील. इक्तोमी गातो, बदके नाचतात, आणि तो एकेकाची मान मुरगळीत जातो. एका बदकाने मात्र डोळे किलकिले केले. ते ओरडले, आणि उरलेली तेवढी उडून गेली. त्या बदकांचे डोळे तेव्हापासून लाल आहेत. इक्तोमीलाही त्या मेजवानीचा घास मिळत नाहीच. तो एका झाडाच्या बेचक्यात अडकून पडतो, आणि लांडगे येऊन सारे फस्त करतात. गाण्यांचे गाठोडे म्हणून गवत मिरविणारा हा इक्तोमी लोककथांच्या काही संग्राहकांना पाहून मला वारंवार आठवतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याच पुस्तकात इया या राक्षसाची कथा आहे. तो गावेच्या गावे गिळणारा. एकदा तो तान्ह्या मुलाचे रूप घेऊन रानात पडून राहतो. माणसे त्याला उचलून सरदाराच्या तंबूत आणतात. रात्री सर्वत्र निजानीज झाल्यावर कुठून तरी दूरच्या वस्तीचा कल्लोळ ऐकू येतो. कान देऊन पाहावे तो आवाज त्या बाळाच्या तोंडातून येत आहे. गिळलेली माणसे आत जिवंत आहेत! मग पळापळ, पाठलाग. शेवटी इया मारला जातो, आणि त्याच्या देहातून माणसांची झुंबड बाहेर पडते. झिटकाला-शाने ही कथा लिहिली तेव्हा तिच्या मनात कोणता राक्षस होता, हे मी सांगू शकत नाही. परंतु निवासी शाळेत वाढलेल्या बाईच्या लेखणीतून ती वाचताना दुसरे काही मनात येणे कठीण आहे.

दुसरे पुस्तक मेरी मॅक्लॉफलिन यांचे, १९१६ सालचे, नॉर्थ डाकोटातील बिस्मार्क येथे छापलेले. या बाईंचा जन्म १८४२ चा. अंगात चौथाई रक्त सू लोकांचे. आईकडून भाषा आलेली. वृद्ध स्त्रीपुरुषांनी सांगितलेल्या कथा त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवल्या व मोठ्या प्रेमाने प्रसिद्ध केल्या. परंतु यांचे यजमान जेम्स मॅक्लॉफलिन हे स्टँडिंग रॉक वसाहतीवरील सरकारी अधिकारी. त्यांनीच १८९० च्या डिसेंबरात सिटिंग बुल या थोर पुढाऱ्यास पकडण्यासाठी शिपाई धाडले, व त्या झटापटीत तो मारला गेला. ज्या घरातून पकडण्याचा हुकूम सुटला, त्याच घरात कथांची वही भरत होती. यावरून बाईंना दोष द्यावा असे मला म्हणावयाचे नाही. त्यांची तळमळ खरी दिसते. मात्र कथा सांगणारे म्हातारे अधिकाऱ्याच्या पत्नीसमोर बसले होते, हे वाचकाने विसरू नये. काय सांगावयाचे आणि काय पोटात ठेवावयाचे, हे सांगणारा ऐकणाराकडे पाहूनच ठरवीत असतो.

या दोन्ही पुस्तकांची कथाभाषा इंग्रजी आहे. 'केयापी'ची पुनरुक्ती इंग्रजी कानाला कंटाळवाणी वाटते, म्हणून अशा पुस्तकांत ती बहुधा गळून जाते. मग कथा उभी राहते ती कोणाच्याही आधारावाचून, लेखकाने स्वतः रचावी तशी.

हा शब्द ज्या बाईने जसाच्या तसा कागदावर ठेवला, तिच्याकडे आता येतो. एला डेलोरिया यांचा जन्म १८८९ साली यँक्टन वसाहतीत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांचे ठाणे स्टँडिंग रॉक वसाहतीतील वाकपाला येथे असल्यामुळे एला तेथेच वाढल्या. यामुळे घरची डाकोटा आणि गावची लाकोटा या दोन्ही बोली त्यांना सारख्याच अवगत झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या १९१५ साली पदवीधर झाल्या. तेथे प्रोफेसर फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञांशी त्यांची गाठ पडली, आणि १९२७ पासून पुढे बोआस यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत, त्यांच्यासाठी त्यांनी कथा, व्याकरण व चालीरीती यांचा संग्रह केला. मोबदला तुटपुंजा, घरी बहिणीचा भार. काही काळ तर मोटारगाडीतच बिऱ्हाड करून त्या वसाहतींतून हिंडल्या.

त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. त्या लोकांत परक्या माणसाला परके म्हणून बोलण्याची रीतच नाही. प्रत्येक जण कोणाचा तरी काका, आत्या, नातू, भाचा असतो, आणि त्या नात्याच्या शब्दाने हाक मारल्याखेरीज संभाषण सुरू होत नाही. नात्याला धरून वागणे हाच त्यांचा सदाचार. म्हणून एलाबाई वृद्धाकडे गेल्या की प्रथम नाते जुळवीत, काही भेट व खाण्याचे सामान नेत, जेवण होई, आणि मग कथा. पैसे मोजून प्रश्न विचारीत सुटणे आपल्याला शक्य नाही. गोऱ्या मनुष्याप्रमाणे तसे केले तर माझ्यात आणि त्यांच्यात त्याच क्षणी भिंत उभी राहील, असे त्यांनी १९३२ साली बोआस यांना पत्राने स्पष्ट कळविले. वही पुढ्यात मांडून बसण्याऐवजी त्या पुष्कळदा नुसत्या ऐकत आणि मागाहून लिहीत. ओहियेसाच्या घरी काल ऐकलेले आज सांगावे लागे, तीच ही शिस्त. फरक एवढाच की आता सांगावयाचे ते कागदाला. १९३२ साली 'डाकोटा टेक्स्ट्स' हा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात ६४ कथा आहेत, मूळ भाषेत व इंग्रजी अनुवादासह. लाकोटा वाचणाऱ्यास त्यात वाक्याच्या शेवटी 'केयापी' भेटत राहतो.

बोआस यांनी बुशॉटरचे जुने कागदही एलाबाईंच्या हाती दिले, व त्यांनी ते नव्याने लिहून काढले. परंतु त्यांच्यावर सोपविलेले सर्वांत अवघड काम निराळेच होते. पाइन रिज वसाहतीवर १८९६ ते १९१४ पर्यंत डॉ. जेम्स वॉकर हे सरकारी वैद्य होते. त्यांनी तेथील जाणत्या वृद्धांचा विश्वास संपादन केला, आणि १९१७ साली धर्मविधी व पुराणकथा यांविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सूर्य, वारा, दिशा यांच्या देवतांची सुसंगत वंशावळ होती. सारे कसे नीटनेटके, ग्रीक पुराणांसारखे. हे खरोखर त्या लोकांचे आहे काय? बोआस यांनी एलाबाईंना विचारले. १९३७-३८ च्या सुमारास त्या हे कागद घेऊन वृद्धांकडे गेल्या, वाचून दाखविले, विचारले. ही मांडणी कोणाच्याच ओळखीची निघाली नाही. कोणा एका कल्पक मनाची ती निर्मिती असावी, असे त्यांनी बोआस यांना कळविले. बोआस यांचे एवढ्याने समाधान झाले नाही, आणखी शोध घ्या, असे त्यांचे म्हणणे पडले. यात अडचणही खरीच होती. वॉकर यांच्या सांगण्याप्रमाणे काही ज्ञान केवळ दीक्षा घेतलेल्यांना सांगण्यात आले होते, ते साऱ्यांना ठाऊक असावेच असे नाही. पुढे वॉकर यांचे कागद तपासून १९८३ साली 'लाकोटा मिथ' हे पुस्तक निघाले, तेव्हा हे कळून आले की, सामग्री वृद्धांची, परंतु सलग पुराणाची घडण बरीचशी वॉकर यांच्या हातची.

मला स्वतःला या प्रसंगात एलाबाईंचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. आपल्या लोकांचे एक भव्य पुराण आयते हाती आले आहे, मोठ्या संस्थेने ते छापले आहे, आणि ते आमचेच आहे असे म्हटल्याने कोणाचेही वाकडे होणार नाही. तरी त्यांनी मुलांच्या पाठांतराची जुनी तपासणी त्याला लावली, आणि उत्तर आले तसे लिहून टाकले.

असाच प्रश्न त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाविषयी पडतो. १९३१ च्या मे महिन्यात कवी जॉन नायहार्ट हे ब्लॅक एल्क या वृद्ध लाकोटा साधुपुरुषाकडे गेले. म्हातारा लाकोटात बोले, त्याचा मुलगा बेन इंग्रजीत सांगे, नायहार्ट ते घोळवून म्हणत, आणि त्यांची कन्या ते लघुलिपीत टिपून घेई. समवयस्क मित्र जवळ बसून साक्ष देत व भर घालीत. यातून १९३२ चे 'ब्लॅक एल्क स्पीक्स' झाले. त्याचा शेवट, एका जमातीचे स्वप्न विझल्याचा विलाप, जगभर गाजला. १९८४ साली रेमंड डीमॅली यांनी मूळ टिपणे छापली तेव्हा दिसले की, ते शेवटचे शब्द टिपणांत नाहीतच. ते नायहार्ट यांचे. ब्लॅक एल्क त्यानंतरही एकोणीस वर्षे जगला, आणि आपल्या लोकांचे विधी पुन्हा सांगत राहिला. शेवट झाला असे वाटले ते कवीला.

एलाबाईंची गोष्ट अर्धी राहिली. १९४० च्या दशकात त्यांनी गोऱ्यांचा संबंध येण्यापूर्वीच्या एका डाकोटा मुलीच्या जीवनावर 'वॉटरलिली' ही कादंबरी लिहिली. शास्त्रीय ग्रंथांत जे बसले नाही, म्हणजे नाती, लाजणे, रुसणे, मृत्यूचा शोक, ते सारे तीत घातले. प्रकाशक मिळाला नाही. एलाबाई १९७१ साली वारल्या, आणि ती १९८८ साली छापली गेली. त्यांची कित्येक हस्तलिखिते आजही फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेच्या ग्रंथालयात व साउथ डाकोटातील चेंबरलेन येथील संग्रहात आहेत.

कथा कोणाची, हा वाद मात्र संपलेला नाही. २०२२ च्या मे महिन्यात स्टँडिंग रॉकच्या लोकमंडळाने, म्हणजे एलाबाई जेथे वाढल्या आणि मॅक्लॉफलिन जेथे अधिकारी होते त्याच वसाहतीच्या मंडळाने, भाषाप्रसाराचे काम करणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेला आपल्या हद्दीत येण्याची मनाई केली. तक्रार अशी होती की, वृद्धांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या शब्दांवर आणि कथांवर संस्थेने आपला स्वामित्वहक्क लावला, आणि आजीचे बोलणे नातवंडांना विकत घ्यावे लागू लागले. संस्थेचे म्हणणे अर्थातच निराळे होते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राने आवाज टिपला, उच्चार टिपले, ऋतू मात्र टिपला नाही. इक्तोमीची गोष्ट आता कोणीही, कोठेही, भर वैशाखात काढून ऐकू शकतो. लाकोटा शाळांतून शिकविणारे काही शिक्षक मात्र अजून बाहेर बर्फ पडेपर्यंत ती सांगत नाहीत.